एक नकार घेऊन ये

उर्वी गुरव ही चांगली मुलगी नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे कुणाला तिची दया आलीच, तर ती ज्याची त्याची.

सतरा वर्षांची होती, मिरजेत बारावीला शिकत होती, आणि गेल्या चार वर्षांत तिला कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. रसायनशास्त्राच्या सरांनी तिच्या एका वाक्यावर स्वतः काढलेला पेपर वर्गासमोर टराटरा फाडला होता, आणि नंतर महिनाभर ते भेटेल त्याला पटवत होते, की पेपर मुळातच बरा नव्हता. ग्रंथपालबाईंनी तिला तीन वर्षं दंड लावला नव्हता. आणि शेजारच्या बाकावरच्या इशा मगदूमला तिनं स्नेहसंमेलनाच्या आदल्या दुपारी, रंगमंचामागच्या जिन्यात गाठून, अगदी शांतपणे सांगितलं होतं, "तुला गाणं आवडत नाही."

इशा क्षणभर तिच्याकडे बघत राहिली होती. मग म्हणाली, "हो. नाहीच आवडत मला." त्या दिवसापासून इशा कुणासमोर गायलेली नव्हती.

त्या दोघींची गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती, तर नायिका इशाच झाली असती.

हे सगळं उर्वीच्या गळ्यातून यायचं. बाराव्या वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढताना आवाजाच्या दोन्ही नसा दुखावल्या. आठ महिने ती नुसती कुजबुजत होती. मग पुण्याच्या डॉक्टरांनी नव्या जातीच्या कृत्रिम स्वरपट्ट्या बसवल्या. केसापेक्षा पातळ पडदा, श्वासानं थरथरला की स्वतःपुरती वीज तयार करणारा, आणि त्याच विजेवर आपला ताण कमी-जास्त करणारा. बोलणं झकास यायचं. गाणं मात्र यायचं नाही. पाच सुरांच्या पलीकडे आवाज निसटून जायचा, आणि इशाचा साडेतीन सप्तकांत फिरायचा.

या पडद्याला एक खोड होती. गळ्याला विशिष्ट दाब दिला, की बोलण्याच्या खूप वर, सेकंदाला दहा हजार कंपनांच्या आसपास, आणखी एक बारीक स्वर उमटायचा. तो वेगळा असा कुणाला ऐकू येत नसे. पण तो सेकंदाला सहा वेळा भरायचा आणि ओसरायचा, आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूतल्या लहरी हळूच त्याच्या तालात यायच्या.

माणूस आधी ऐकतो आणि मग शंका घेतो. ऐकलेलं समजून घेण्यासाठी मेंदूला ते घटकाभर खरं धरावं लागतं. तपासणी मागाहून होते, पाव सेकंदानं. उर्वीचा तो बारीक स्वर ही तपासणी तीन-चार सेकंद थोपवून धरत होता. तेवढ्यात माणूस हो म्हणून मोकळा व्हायचा. आणि एकदा हो म्हटलं, की माणूस आपल्याच होकाराचं वकीलपत्र घेतो. पुढचं काम उर्वीला करावंच लागत नसे.

हे तिला समजावून सांगणारा संशोधक पुण्याचाच होता. तिनं त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं, आणि मग त्याच्याच हातानं त्याच्या नोंदी पुसून टाकायला लावल्या. साठीपुढच्या माणसांवर हे चालत नाही, कारण वरचे स्वर वयाबरोबर कानांतून निघून जातात, हेही त्यानंच सांगितलं होतं.

तिचे वडील, आप्पा, चोपन्न वर्षांचे होते. आणि जवारी काढायचे.

मिरजेत या कामाला मान आहे. तंबोऱ्याची तार घोडीवर जिथे टेकते ती जागा कानशीनं इतकी हलकी घासायची, की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. त्या गुंजण्याला जवारी म्हणतात. केसभर जास्त घासलं गेलं तर घोडी फुकट. म्हणून म्हणतात, जवारीवाल्याचे कान गावाच्या कानांपेक्षा मोठे. पुण्यामुंबईचे गवई आप्पांपुढे मांडी घालून बसायचे. अशा माणसाच्या कानांची परीक्षा कोण घेणार?

उर्वीनंही कधी घेतली नाही. आप्पा विसरभोळे आहेत, एवढंच तिला वाटायचं. स्वयंपाकघरातून "आप्पा, सुरी द्या" म्हटलं, तर ते आत येऊन विचारायचे, "आत्ता पुरी कुठली? पीठ तरी मळलंयस का?"

घरी तिनं तो आवाज तीनदा वापरला होता.

पहिल्यांदा, आवाज आल्या आल्या. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. "आप्पा, घरात आईचा विषय काढायचा नाही." आप्पांनी तिच्याकडे बघितलं, थोडं थांबले, म्हणाले, "बरं." संध्याकाळी आईचा फोटो भिंतीवरून ट्रंकेत गेला.

दुसऱ्यांदा, हेमलताबाईंच्या वेळी. त्या संगीतशाळेत शिकवायच्या, विधवा होत्या, तंबोरा लावून घ्यायला यायच्या. पुढे तंबोरा नसतानाही यायला लागल्या. आप्पा त्या दिवशी दाढी करायचे. "त्यांना येऊ नका म्हणून सांगा," उर्वी म्हणाली. आप्पा थांबले. जरा जास्तच थांबले. "बरं."

तिसऱ्यांदा, आप्पांनी इशासाठी मनापासून घडवलेला लहान तंबोरा तिनं सोलापूरच्या कुणाला तरी द्यायला लावला. "बरं."

ते मधलं थांबणं म्हणजे लांबलेली शंका, असा उर्वीचा हिशोब होता.

त्या वर्षी संक्रांतीनंतर आप्पा चालताना उजवीकडे झुकायला लागले. दारात, नळावर, दोनदा पडले. तपासणी झाली. डॉक्टर तांबट म्हणून एक बाई होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी पडद्यावर आप्पांच्या डोक्याचं चित्र लावलं आणि पेनानं दाखवलं.

"उजव्या कानाच्या नसेवर गाठ आहे. कर्करोग नाही. पण वाढून मेंदूच्या देठाला टेकलीय. महिन्याभरात काढायला हवी. नाही काढली, तर दिवाळी दिसेल असं मी सांगू शकत नाही."

"आणि काढली तर?" आप्पांनी विचारलं.

"उजवा कान पूर्ण जाईल. डावा तुमचा आधीच..." डॉक्टर बोलायला लागल्या, पण आप्पांनी हात वर केला.

"कळलं. मग नको."

"गुरव, नीट विचार करा."

"जवारीवाल्याचा कान काढून माणूस ठेवायचा, म्हंजे तारा काढून तंबोरा ठेवायचा. नको बाई. तुमचे उपकार आहेत."

उर्वी घाबरली नाही. घरी जाऊन एक वाक्य बोललं की काम होणार होतं. रिक्षात तिनं ते मनाशी जुळवूनही ठेवलं.

दुपारी आप्पा कामाच्या खोलीत बसले होते. मांडीवर घोडी, हातात कानस. तंबोऱ्यांच्या भोपळ्यांची पोती उतरवायला गणपा नावाचा गाडीवाला आलेला होता, तो दारात पाणी पीत उभा होता. उर्वी आप्पांच्या समोर जाऊन बसली. गळ्याला दाब दिला.

"आप्पा, तुम्ही ऑपरेशन करून घेणार आहात."

आप्पा थांबले. मग म्हणाले, "न्हाई."

हा शब्द घरात इतक्या वर्षांनी आला होता, की तो नीट ओळखायलाच तिला वेळ लागला. तिनं आणखी दाब दिला. गळा दुखला.

"तुम्ही ऑपरेशन करून घेणार. याच आठवड्यात."

"हो हो, घेतो की करून!" दारातून गणपा म्हणाला.

दोघांनी वळून बघितलं. गणपा तांब्या हातात धरून उभा होता, आणि त्याच्या तोंडावर भला मोठा संभ्रम पसरत चालला होता. "म्हंजे... मला तर काय झालेलं न्हाई," तो पुटपुटला. "पण दाखवून घ्यावं म्हणतो. पोटाचं वगैरे." आणि पोती तशीच टाकून तो गेला.

आवाज तर बरोबर चालत होता.

उर्वीनं कोपऱ्यातली दवाखान्याची फाइल ओढली. पानं उलटली. कानांच्या तपासणीचे आलेख होते. या आठवड्यातला एक, आणि त्यामागे पिवळा पडलेला दुसरा, आठ वर्षांपूर्वीचा. तिच्या गळ्यात पडदा बसायच्याही चार वर्षं आधीचा. दोन्ही कानांच्या रेघा तीन हजार कंपनांपर्यंत शहाण्यासारख्या सरळ येत होत्या आणि तिथून कड्यावरून उडी मारावी तशा खाली जात होत्या. शेजारी कुणीतरी लिहिलेलं होतं: तरुणपणी लाकूड कापायच्या यंत्रावर काम, सतरा वर्षे. वरचे स्वर ऐकू येत नाहीत. सुधारणा शक्य नाही.

दहा हजारांच्या रकान्यात काहीच नव्हतं.

"तुम्हाला ऐकूच येत नव्हतं," ती म्हणाली. "कधीच नाही."

"हळू बोल की. गल्लीत कळलं तर उद्यापासनं घोडी घेऊन कोण येईल माझ्याकडं?"

"मग जवारी कशी काढता?"

आप्पांनी बाजूचा तंबोरा जवळ घेतला, वाकून त्याच्या दांडीला दात टेकवले आणि तार छेडली. डोळे मिटले. "अशी," ते सरळ होत म्हणाले. "दातानं निम्मी, बोटानं निम्मी. खालचे स्वर कानाला लागतात अजून. वरचं सगळं आठवणीनं."

"आणि माझं बोलणं?"

"बोलणं ऐकू येतं. स, श जरा गळतात, म्हणून तोंडाकडं बघतो. तू काही रेटून बोलतीस तवा गळ्याची ही शीर वर येती. आणि तुझ्याशी बोलून बाहेर पडणाऱ्या माणसांची तोंडं बघतो. आत्ता गणपाचं झालं तसं. काय करतीस ते नेमकं कळत न्हाई. पण काहीतरी करतीस, ते कळतं."

उर्वीला एकदम आईचा फोटो, हेमलताबाईंच्या चपला, इशाचा तंबोरा असं सगळं एका रांगेत दिसलं.

"मग तुम्ही हो का म्हणालात?" तिनं विचारलं, आणि विचारताना तिच्या लक्षात आलं, की 'का' हा शब्द तिनं चार वर्षांत कुणाला विचारलेला नव्हता. त्याची गरजच पडत नसे.

"तू मागत होतीस म्हणून."

"एवढंच?"

"आणखी काय असतंय?" आप्पांनी कानशीवरची धूळ फुंकली. "आई न्हाई, आठ महिने आवाज न्हाई. आवाज आल्यावर पोरीनं पहिली गोष्ट मागितली, की आईचं नाव काढू नका. मला वाटलं, तुला सोसत न्हाई. न्हाई काढलं."

"आणि हेमलताबाई?"

आप्पांनी घोडी उलटीपालटी करून बघितली. "ते जड गेलं," ते म्हणाले.

मग ती घोडी त्यांनी खाली ठेवली.

"तुम्ही नाही म्हणायला हवं होतं!" ती ओरडली. आता गळ्यावर दाब नव्हता, आणि आवाज फाटका, घोगरा येत होता.

"व्हय. ते चुकलंच माझं. लाड म्हणून केलं, आणि तुला न्हाईची सवयच लागली न्हाई. इशाचं गाणं कुठं गेलं ते मी तुला विचारलं न्हाई, तेबी चुकलं."

"आप्पा, ऑपरेशन करा. मी पाया पडते."

"पड की. पाया पडून काही ठरत नसतंय, पण पड." ते हसले. मग हसू ओसरलं. "ऐक. मी गेलो, की तुला आपणहून हो म्हणणारं माणूस उरत न्हाई, हे कळतंय मला. त्याचीच भीती वाटती. पण मी आत्ता हो म्हटलं, तर हा चौथा होकार. तुला तो फुकटचाच वाटणार. एक काम कर. इशाकडं जा, आणि काहीतरी माग. असल्या घोगऱ्या आवाजात. ती न्हाई म्हणंल. तो नकार घेऊन ये."

"घेऊन येऊ?"

"व्हय. भाजी आणतीस तसा. वाटेत टाकायचा न्हाई, बदलून आणायचा न्हाई."

"आणला तर तुम्ही ऑपरेशन कराल?"

"सौदा न्हाई हा," आप्पा म्हणाले, आणि कानस हातात घेतली.

मगदुमांचं घर किल्ल्याच्या बाजूला होतं. दार इशाच्या आईनं उघडलं.

"इशा घरात नाही," त्या म्हणाल्या. आतून इशाच्या खोकण्याचा आवाज आला, तरी त्यांनी डोळे हलवले नाहीत.

उर्वीच्या गळ्याला सवयीनं दाब आला. एक वाक्य. या बाई बाजूला झाल्या असत्या, चहाही केला असता. आणि आत जाऊन इशाला सांगता आलं असतं, 'मला नाही म्हण.' इशा म्हणाली असती. तो नकार घेऊन घरी जाता आलं असतं. आप्पांना काय कळणार होतं? त्यांच्या कानांचा आलेख तर तिनं वाचला होता.

तिनं गळ्यावरचा दाब सोडला.

"काकू, मी बाहेर थांबते."

ती फाटकापाशी उन्हात उभी राहिली. वीज भरायला आलेली बस समोरच्या तळावर तासभर उभी होती. ती भरून निघूनही गेली. मग इशा बाहेर आली. तिच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

"कापसानं डोकं जड होत नाही," इशा म्हणाली. "तू बोलत असतानाच व्हायचं ते. वर्षभर माझ्या लक्षात आलं नाही. मोठ्यानं बोल आता, काय आहे ते."

"मी तुझं गाणं बंद केलं. मीच. जिन्यात."

"ते माहितीये."

"मला माफ कर."

"नाही," इशा म्हणाली.

तिला विचारही करावा लागला नाही. उर्वीला वाटलं होतं, नकार ऐकला की राग येईल. राग आला नाही. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि खाली काहीच नसावं, तसं झालं.

"का?" तिनं विचारलं.

इशा फाटकाचा गज धरून उभी राहिली. "मी रोज बसते गायला. सकाळी, दार लावून. आणि मला कंटाळा येतो. माझा स्वतःचा कंटाळा आहे की तू दिलेला, ते मला कळत नाही. कधी कळेल असंही वाटत नाही. उद्या मला गाणं खरंच सोडावंसं वाटलं, तरी ते मला सोडता येणार नाही. कारण मग तू जिंकलीस असं होईल. माझं आवडणंही माझं राहिलं नाही आणि नावडणंही."

"मी उलटं सांगून बघू? तुला गाणं आवडतं म्हणून?"

"मग ते तुझं गाणं होईल, उर्वी."

इशा वळली, पण फाटकातच थांबली. मग म्हणाली, "आप्पा पडले म्हणे. कसे आहेत?"

"गाठ आहे. ऑपरेशनला नको म्हणतात."

"त्यांना माझा नमस्कार सांग," इशा म्हणाली. "तुला नाही." आणि आत गेली.

उर्वी चालत घरी आली. नकार खरोखरच ओझ्यासारखा होता. या हातातून त्या हातात घेता येत नव्हता, कुठे टेकवून दम खाता येत नव्हता. घरी आप्पा कॉटवर पडून होते. ती त्यांच्यासमोर, त्यांना तोंड दिसेल अशी बसली.

"नाही म्हणाली," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. काकूंनी न सोडलेलं दार सांगितलं, कंटाळा सांगितला, नमस्कार सांगितला. नकार बदलून आणायचा मनात आलं होतं, तेही सांगितलं. सांगताना ती रडत होती, आणि रडण्यावर तो पडदा काही करू शकत नव्हता. आवाज फुटत होता, घसरत होता.

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

"तिचं गाणं परत येईल का?" तिनं विचारलं.

"मला न्हाई माहीत. तुझ्या हातात न्हाई ते आता. पुण्याच्या डॉक्टरांकडं मात्र जायचं. काय काय केलंस ते सांगायचं, आणि त्या पडद्याचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्यायचं. गाणाऱ्या पोरीच्या उपयोगाचं त्यात काही निघालं, तर निघालं."

"ते पडदा काढतील. मग परत कुजबुजावं लागेल."

"मग मी बहिरा आन् तू मुकी. शेजारपाजारी म्हणतील, गुरवाच्या घरात लई शांतता आहे."

तिला हसू आलं, आणि हसताहसता पुन्हा रडू आलं. तिनं नाक पुसलं. पाठ सरळ केली.

"आप्पा, आता विचारू?"

"विचार."

"ऑपरेशन करून घ्याल?"

आप्पा थांबले. हे तेच थांबणं होतं. आज पहिल्यांदा तिला त्यात माणूस दिसला. तो मनातल्या मनात काहीतरी उचलून बघत होता, किती जड आहे ते.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले, आणि कुशीवर वळले.

उर्वी उठली. तिनं भांडी घासली. भाताला तांदूळ धुतले. कामाच्या खोलीतली लाकडाची धूळ झाडली, गणपानं टाकलेली पोती आडोशाला ओढली. तिला दोनदा कॉटपाशी जाऊन विचारावंसं वाटलं, आणि दोन्ही वेळा ती दाराशी जाऊन परत आली. त्यांचा विचार त्यांचा होता. तो किती वेळ चालेल, हे ठरवणारी ती कोण? अशी वाट तिनं आयुष्यात कधी बघितली नव्हती. कुकरची शिट्टी झाली. समोरच्या घरात दिवा लागला.

"उर्वे," आतून हाक आली.

ती धावत गेली. आप्पा उठून कॉटच्या कडेला बसले होते. पाय खाली सोडले होते आणि एका हातानं कपाटाचा आधार घेतला होता.

"दवाखान्यात किती दिवस राहावं लागतंय?"

उर्वी त्यांच्यासमोर बसली. "डॉक्टर दहा म्हणाल्या होत्या."

"मग दोन पायजमे भर पिशवीत."

"तीन भरते, आप्पा. दहा दिवस आहेत."

"नको," आप्पा म्हणाले. "दोन बास."

उर्वीनं दोन भरले, आणि तिसऱ्याची घडी घालून तो परत कपाटात ठेवला.